काडतुसाची मुरड

डेहराडूनला बदली होऊन आलो त्या वर्षी ज्या घराच्या माडीवर आम्ही बिऱ्हाड केले, त्या घराच्या मालकांच्या बैठकीत एका जुन्या मेजाच्या काठाला एक चमत्कारिक उपकरण आवळून बसविलेले होते. आडवी धरलेली पितळेची लहानशी खोबण, तिच्या एका अंगाला लाकडी मुठीची फिरकी, दुसऱ्या अंगाला दाब देण्याचा दांडा आणि खाली मेज पकडून ठेवणारा स्क्रू. आमच्या मुलाला ते पेन्सिलीला टोक काढण्याचे यंत्र वाटले. पत्नीने ते जरा न्याहाळले, फिरकी दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हे तर करंजीला मुरड घालायचे यंत्र दिसतेय!"

घरमालकांनी 'मुरड' या शब्दाचा अर्थ मजकडून समजून घेतला आणि ते मनापासून हसले. बाईंनी बरोबर ओळखले, म्हणाले. हे मुरड घालण्याचेच यंत्र, फक्त करंजीला नव्हे, बंदुकीच्या काडतुसाला. त्यांचे आजोबा आपली काडतुसे घरीच भरीत. चकत्या मोजून ठेवणे, छर्रे निवडणे ही कामे ते नोकरांना सांगत. परंतु दारू मोजणे आणि शेवटी तोंडाला मुरड घालणे ही दोन कामे त्यांनी जन्मात दुसऱ्या कोणाकडे दिली नाहीत. ज्याच्या गालाला बंदूक लागायची आहे त्यानेच काडतुसाचे तोंड बंद करावे, असे ते म्हणत.

मी बंदूक कधी हाती धरलेली नाही आणि धरण्याची हौसही नाही. सरकारी लिफाफ्यांवर लाखेच्या मोहोरा करण्यात ज्याचे दिवस गेले, त्याला बंद तोंडाचे महत्त्व मात्र कोणी सांगावयास नको. त्या म्हाताऱ्या शिकाऱ्याचे वाक्य माझ्या मनात राहिले आणि त्याच्या मागोमाग जाताना मला असे दिसून आले की, काडतुसाचा सारा इतिहास हा त्याचे तोंड कोणी व कसे बंद करावयाचे याचाच इतिहास आहे. आपल्या देशात तर या एका प्रश्नावरून राज्य डळमळले होते.

'काडतूस' हा शब्द युरोपीय शिपायांच्या तोंडून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी असलेल्या 'कार्टा' या शब्दाचा अर्थ कागद. काडतूस म्हणजे मुळात कागदाची पुरचुंडी, वाण्याच्या पुडीसारखी. आज लाल वा हिरव्या प्लॅस्टिकच्या नळीला पितळी बूड बसविलेले जे काडतूस आपण दुकानाच्या काचेआड पाहतो, ते या पुडीचेच वंशज होय. छऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसात बुडाशी ठिणगी देणारी टोपी, तिच्यावर दारू, दारूवर नमद्याची किंवा पुठ्ठ्याची चकती, चकतीवर शिशाचे छर्रे आणि सर्वांत वर मिटलेले तोंड, अशी रचना असते. बाराची बंदूक असे आपण म्हणतो, त्यातील बारा हा आकडाही वजनाचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जेवढ्या रुंदीच्या नळीत नेमकी बसेल ती बाराची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो.

काडतुसापूर्वी ठासणीची बंदूक होती. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रानडुकरांपासून शेताची राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात ती आढळे. तोंडातून दारू ओतावयाची, चिंधी किंवा नारळाची सोडणे गजाने ठासावयाची, छर्रे सोडावयाचे, पुन्हा ठासावयाचे, कानावर टोपी चढवावयाची आणि मग घोडा ओढावयाचा. या बंदुकीत बार भरणारा आणि बार काढणारा एकच. दारू जास्त झाली तर त्याच्याच खांद्याला दणका बसे. ओली राहिली तर डुक्कर त्याच्याच अंगावर येई. हाताच्या चुकीचा हिशेब त्याच हाताला द्यावा लागे, म्हणून विश्वासाचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

सैन्यात हे चालण्यासारखे नव्हते. रणांगणात प्रत्येकाने दारू मोजीत बसणे शक्य नाही. म्हणून दारूचे माप आणि गोळी एकत्र कागदात गुंडाळून, वरचे तोंड पिळून वा दुमडून, तयार पुड्या शिपायाला देण्याची पद्धत युरोपात रूढ झाली. शिपायाने पुडीचे तोंड दातांनी फोडावे, दारू नळीत ओतावी, मग कागदासकट गोळी घालून गजाने ठासावी. येथे प्रथमच भरणारा हात आणि झाडणारा हात वेगळे झाले. पुडी दारूखान्यात कोणी तरी बांधी आणि ती आपल्या दातांनी फोडी दुसराच. त्या दोघांच्या मध्ये कागदाची एक घडी तेवढी होती.

ही घडी कोठे उलगडली हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीची नळी आतून पेचदार खाचांची असल्यामुळे तिच्यात गोळी सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या गोळीकडील भागाला वंगण लावीत. विलायतेत या वंगणात जनावराची चरबी असे. हिंदुस्थानच्या हवेत हे वंगण टिकते की नाही हे पाहण्यासाठी काही काडतुसे १८५३ सालीच इकडे धाडली गेली होती. वंगणात शिपायांच्या धर्माला बाधेल असे काही नाही याची खात्री पटल्यावाचून ती एतद्देशीय पलटणींना देऊ नयेत, असा इशारा कर्नल टकर या अधिकाऱ्याने त्याच वर्षी लिहून दिला होता. तो कागद वरिष्ठांच्या दप्तरात पडून राहिला. अशा कागदांचे पुढे काय होते हे आपल्यासारख्या कारकुनांना निराळे सांगणे नलगे.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला, ज्या गावाचे नाव आज आपण विमानतळामुळे घेतो तेथे, दारूखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने नकार देताच खलाशी म्हणाला, तुझी जात आता किती दिवस राहणार, गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे तुला दातांनी फोडावी लागणारच आहेत. काडतूस बनविणाऱ्याने काडतूस फोडणाऱ्याला आत काय आहे ते सांगितले, आणि त्या एका वाक्याने दोन्ही हातांमधला विश्वास तुटला.

यापुढील हकिकत माझ्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. बातमी वर जाताच सरकारने त्याच महिन्याच्या २७ तारखेला आज्ञा काढली की, काडतुसे कोरडीच द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून स्वतः तेल वा मेण आणून आपल्या हाताने वंगण लावावे. म्हणजे काडतूस तयार करण्याच्या कामातला थोडासा भाग झाडणाऱ्याच्या हाती परत देण्यात आला. वरकरणी उपाय नामी होता; पण त्याला उशीर झाला होता. आता संशय वंगणावरून कागदावर गेला. नव्या कागदाला तकाकी होती. तकाकी म्हणजे चरबीच, असे लोक म्हणू लागले. पुढे काडतूस दातांऐवजी बोटांनी फाडण्याची कवाईत बसविली गेली, तेव्हा ही सवलत देण्याचे कारण काय, पूर्वीच्या म्हणण्यात खोट होती म्हणूनच ना, असा उलट तर्क झाला. विश्वास असताना जो कागद कोणी उलटूनही पाहिला नसता, तो आता शिपाई पाण्यात भिजवून आणि जाळून पाहू लागले.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या एकोणिसाव्या पलटणीने जी काडतुसे नाकारली, ती नवी नव्हतीच; जुन्या बंदुकीची, वर्षानुवर्षे वापरात असलेल्या तऱ्हेची होती. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या रिसाल्याच्या ९० स्वारांना कवाईतीसाठी बोलावले असता ८५ जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. तीही जुन्याच धर्तीची. ९ मे रोजी त्या ८५ जणांच्या पायांत सर्व फौजेसमोर बेड्या ठोकल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, मेरठ पेटले. चरबीची ती नवी काडतुसे बहुतेक शिपायांच्या हाती पडलीच नव्हती. त्या उठावाची कारणे राज्य, जमीन, वेतन, धर्म अशी अनेक होती आणि केवळ काडतुसावर त्याचे खापर फोडणे हे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु सर्व कारणांना एकत्र येण्यासाठी जे ठिकाण लाभले ते काडतुसाचे मिटलेले तोंड होय. आत काय आहे ते दिसत नाही, बांधणारा ओळखीचा नाही, आणि फोडावयाचे मात्र आपल्या दातांनी.

पेण तालुक्यातील वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे त्याच सुमारास द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले होते. वाटेत महूच्या आसपास शिपायांच्या तोंडून त्यांनी हा काडतुसांचा बोभाटा ऐकला आणि पुढे 'माझा प्रवास' या पुस्तकात तो नमूद केला. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. डमडमहून निघालेली बातमी किती दूर आणि किती वेगाने पोहोचली होती, याची साक्ष अशा रीतीने एका कोकणस्थ भिक्षुकाच्या लेखणीने दिलेली आहे.

याच वर्षांत, येथून हजारो कोसांवर, शिकारीच्या बंदुकीत निराळीच क्रांती घडत होती. पॅरिसच्या कासिमिर लफोशे या कारागिराने १८३० च्या दशकात नळी मध्ये मोडून मागून भरावयाची बंदूक आणि तिच्यासाठी स्वतःची ठिणगी पोटात बाळगणारे काडतूस सिद्ध केले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ही बंदूक मांडली गेली आणि जोसेफ लँगसारख्या इंग्रज कारागिरांनी तिचे अनुकरण आरंभिले. जुने शिकारी नाके मुरडीत होते. मागून उघडणारी बंदूक जोराने मारणारच नाही, असे त्यांचे म्हणणे. 'द फील्ड' या साप्ताहिकाचे संपादक वॉल्श यांनी १८५८ आणि १८५९ साली दोन्ही तऱ्हांच्या बंदुकांची जाहीर परीक्षा घेऊन हा वाद पुष्कळसा मिटविला. खुद्द वॉल्श यांनी १८५२ साली बंदूक फुटून आपल्या डाव्या हाताचा काही भाग गमावला होता. बंदुकीच्या सुरक्षिततेविषयी त्यांना वाटणारी कळकळ पुस्तकी नव्हती.

नवे काडतूस आले आणि त्याबरोबर घरी काडतुसे भरण्याचा प्रघात पडला. लंडनच्या ईली बंधूंसारखे कारखानदार रिकामी कागदी नळकांडी, टोप्या आणि चकत्या विकीत. त्यांत दारू व छर्रे भरण्याचे काम बंदूकवाला करी किंवा शिकारी स्वतः करी. हे काम पोरखेळ नव्हते. ईलींपैकी विल्यम ईली हा १८४१ साली टोप्यांत वापरल्या जाणाऱ्या स्फोटक द्रव्याच्या भडक्यात प्राणास मुकला होता. तरीही शिकारीच्या हंगामाच्या आदल्या संध्याकाळी मेजावर दिवा ठेवून काडतुसे भरीत बसणे हा त्या काळच्या इंग्रज गृहस्थाचा एक नित्याचा उद्योग होऊन बसला. बाराच्या बंदुकीला तीन ड्रॅम काळी दारू आणि सव्वा औंसाहून जरा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश औंस छर्रे, हे माप सर्वांना पाठ असे. छऱ्यांवर पातळ पुठ्ठ्याची चकती ठेवीत, तिच्यावर छऱ्याचा क्रमांक लिहीत आणि वर उरलेली कागदाची सुमारे पाव इंच कड आत वळवून चकती जागच्या जागी पक्की करीत. हीच ती मुरड, इंग्रजीत जिला क्रिम्प म्हणतात. आमच्या घरमालकांच्या मेजावरचे यंत्र याच कामाचे होते.

मुरड बेताची जमणे हे अनुभवाचे काम. दांडा फार जोराने दाबला तर नळकांड्याचे अंग चेपून खाली फुगवटा येतो आणि काडतूस बंदुकीत शिरत नाही. दाब कमी पडला तर कड नुसतीच चुरगळते आणि खिशात हेलकावे खाताना चकती सुटून छर्रे सांडतात. पावसाळी हवेत कागद फुगतो तो त्रास निराळाच. ज्यांच्या घरी दिवाळीत करंज्या होतात त्यांना हे समजण्यास अडचण नाही. कड कोरडी असेल तर मुरड धरत नाही, सारण जास्त भरले तर ती उलते आणि एक करंजी तेलात फुटली की सारा घाणा बिघडतो.

काळ्या दारूच्या दिवसांत मुरड सैल राहिली तरी फारसे बिघडत नसे, कारण ती दारू नुसत्या ठिणगीनेही भडकून जळते. १८६४ च्या सुमारास शुल्त्झे नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने लाकडापासून केलेली, धूर कमी करणारी दारू पुढे आणली. १८८२ साली इंग्लंडात ई. सी. नावाची दारू निघाली. या नव्या दारवांना नीट जळण्यासाठी आरंभी काही क्षण कोंडून धरावे लागते. तो कोंडमारा काही अंशी मुरड करते. ती सैल असेल तर दारू अर्धवट जळते आणि छर्रे रेंगाळतात. मुरड ही आता नुसते झाकण राहिली नव्हती. बाराच्या जोराचा ती एक घटक बनली. शिवाय पहिल्या नव्या दारवा काळ्या दारूच्याच मापाने भरता येत, पण पुढे आलेल्या दाट दारवा त्याच मापाने भरल्या तर बंदूक फुटण्याचा धोका असे. जुनी सवय हीच जिवावर बेतू लागली. अमेरिकेत काडतुसांच्या खोक्यांवर अद्यापही 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' असा आकडा छापतात. काळी दारू शिकारीतून जाऊन शतक लोटले, तरी हिशेब तिच्याच मापाने सांगण्याची चाल उरली आहे.

मग यंत्रे आली. १८८० च्या दशकापासून अमेरिकेतील आणि इंग्लंडातील कारखाने भरलेली काडतुसे खोक्यांनी विकू लागले. एकसारखी, स्वस्त आणि बिनचूक. पुन्हा एकदा भरणारा हात दूर गेला. परंतु या वेळी त्याच्यावर विश्वास बसला, कारण खोक्यामागून खोके तीच मुरड तशीच निघत होती. या सोयीचा एक परिणाम आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. भरतपूरच्या केवलादेव घन्यात दगडी पाट्यांवर शिकारींच्या तारखा, पाहुण्यांची नावे आणि मारलेल्या पक्ष्यांचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पथकाने तेथे ४,२७३ पक्षी पाडले. ठासणीच्या बंदुकीने हे कोणाला साधले नसते. प्रत्येक बारासाठी स्वतः मुरड घालावी लागती, तर बोटेही दुखली असती आणि कदाचित हिशेबही सुचला असता. घरी भरणारे शिकारी पुण्यवान होते असे मला म्हणावयाचे नाही. तथापि स्वतः भरलेले काडतूस मोजून झाडले जाते आणि आयते आलेले न मोजता, एवढे खरे.

घरगुती भरणीचे पुनरुज्जीवन मात्र जिवंत पक्ष्यांच्या शिकारीतून झाले नाही, मातीच्या पक्ष्यांतून झाले. १८८० साली जॉर्ज लिगॉव्स्की या अमेरिकनाने मातीची बशीसारखी तबकडी हवेत फेकून तिच्यावर नेम धरण्याचा खेळ काढला. पुढे त्याचे ट्रॅप, स्कीट असे प्रकार झाले. या खेळाच्या एका फेरीला पंचवीस काडतुसे लागतात आणि हौशी माणूस दिवसाकाठी चार फेऱ्या सहज खेळतो. झाडलेल्या शंभर काडतुसांची धड नळकांडी पायाशी पडलेली पाहून बेतशीर माणसाच्या मनात ती पुन्हा भरण्याचा विचार येणे स्वाभाविक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा उद्योग घरोघर पसरला. विस्कॉन्सिन राज्यातील मेव्हिल गावच्या मेक या कारखान्याचे दाबयंत्र आणि १९५८ साली रिचर्ड ली यांनी काढलेला स्वस्त हातसंच यांनी तो सामान्य पगारदाराच्या आटोक्यात आणला. १९६० साली रेमिंग्टनने प्लॅस्टिकचे नळकांडे आणले आणि ओल धरून फुगण्याची कटकटही संपली.

मुरडीचे रूपही याच काळात पालटले. जुन्या पद्धतीत वर जी पुठ्ठ्याची चकती राही ती बार निघताना छऱ्यांच्या आड येई आणि कधी कधी त्यांचा घोळका मध्येच विसकटून टाकी. चाळीस यार्डांवर लावलेल्या कागदावर तीस इंचांचे वर्तुळ काढून छर्रे मोजले की मध्यभागी मोकळी जागा दिसे. म्हणून चकतीच काढून टाकून नळकांड्याच्या कडेला सहा किंवा आठ चुण्या पाडून त्या मध्यबिंदूशी मिटविण्याची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रूढ झाली. एका वाक्यात सांगावयाचे तर करंजीची मुरड गेली आणि मोदकाच्या कळ्या आल्या.

मोदकाचे तोंड मिटणाऱ्या सुगरणीला जे नियम ठाऊक असतात तेच येथेही लागू पडतात. नळकांड्याला पूर्वीच्या घड्यांची आठवण असते; आठ चुण्यांच्याला आठांच्याच साच्याने आणि सहांच्याला सहांच्याच साच्याने आरंभ करावा लागतो, नाही तर चुण्या एकमेकींवर चढतात. आतला थर उंच झाला तर मध्ये भोक राहते आणि बारीक छर्रे त्यातून गळतात. थर कमी पडला तर तोंड वाटीसारखे आत बसते. सर्व मापे जुळली म्हणजे चुण्या मध्यभागी एकमेकींना टेकून सपाट मिटतात आणि कडेपासून सुमारे दीड मिलिमीटर खाली बसतात. चांगल्या मुरडीचे रहस्य, असे जाणते सांगतात, मुरडीत नसून तिच्या खाली काय आणि किती भरले त्यात आहे. तोंड वाईट मिटले तर यंत्राला दोष देण्याआधी आतले माप तपासावे. आणि ते माप छापील कोष्टकातलेच असावे लागते. कोणते नळकांडे, कोणती टोपी, कोणती चकती आणि किती दारू हे सारे एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे तेथे अदमासाला जागा नाही.

आपल्या देशात या छंदाने घर केले नाही, याचे कारण इतिहासातच आहे. १८५७ नंतर सरकारने शस्त्रे लोकांच्या हातून काढून घेतली आणि १८७८ च्या लिटनशाहीतील कायद्याने परवान्याचे बंधन कायम केले. युरोपियनांना त्यातून सूट होती, ही गोष्ट तेव्हाच्या राजकारणात दीर्घकाळ सलत राहिली. स्वराज्यात १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. वर्णावरची सूट गेली, पण शस्त्रे आणि दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो हे तत्त्व राहिले, आणि राहावे हेच शहाणपणाचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा उरलासुरला शौकही बंद केला. पुण्याजवळ खडकीला १८६९ साली निघालेला दारूगोळ्याचा कारखाना मात्र आजही चालू आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. १८५७ नंतर अवघ्या बारा वर्षांनी, पेशव्यांच्या राजधानीच्या उंबऱ्यावर हा कारखाना उभा राहिला. आणि ज्या इंग्रजांनी तो काढला ते गेल्यावरही आपलेच लोक तेथे काडतुसांची तोंडे मिटीत राहिले.

घरमालकांनी एके दिवशी आजोबांची जुनी पेटी उघडून दाखविली. भरलेली काडतुसे त्यांच्या वडिलांनीच केव्हा तरी पोलिस ठाण्यात जमा करून टाकली होती. पेटीत उरल्या होत्या त्या नुसत्या वरच्या चकत्या, दोऱ्यात ओवलेल्या. प्रत्येकीवर शिसपेन्सिलीने सहाचा आकडा. सगळे आकडे एकाच वळणाचे, एकाच हाताचे. आत कोणते छर्रे आहेत हे दुसऱ्याला कळावे म्हणून नव्हे, तर स्वतःलाच अंधारात चूक होऊ नये म्हणून ते लिहीत, असे ते म्हणाले.

त्या दिवाळीला आम्ही खाली फराळाचे ताट पाठविले. थोड्या वेळाने घरमालक एक करंजी हातात धरूनच माडीवर आले. तिची मुरड बोटाने चाचपीत त्यांनी पत्नीला विचारले, ही यंत्राची की हाताची? हाताची, असे तिने सांगितले. तेव्हा मान डोलवून ते म्हणाले, वाटलेच. आणि तेथे उभ्याउभ्याच त्यांनी ती खाल्ली.